चीक, पान्हा आणि मधले तीन दिवस

पुण्यात खरवस न आवडणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. गाय किंवा म्हैस व्याली, की पहिल्या दोन-तीन दिवसांचं जे दाट, पिवळसर दूध निघतं तो चीक. गवळ्याशी जुनी ओळख असेल तर तो आपणहून चीक आणून देतो, नाहीतर दुग्धालयातून खरवसाच्या वड्या आणायच्या. गूळ आणि वेलची घालून वाफवलेली ती वडी ताटात पडली, की घरात वाटणीवरून भांडणं होतात. चीक पौष्टिक असतो हे कुणी आपल्याला शिकवावं लागत नाही.

आणि त्याच घरात सून किंवा लेक बाळंत झाली, की तिच्या अंगावरचा चीक मात्र पिळून टाकून दिला जाई. ‘ते जड असतं’, ‘ते साचलेलं दूध, बाळाला बाधतं’ असं घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगत. बाळाला तीन दिवस मध, गुळाचं पाणी, एरंडेल, पाणी घातलेलं गायीचं दूध, किंवा उगाळलेली गुटी, ज्या घरची जशी रीत तसं काहीतरी चाटवत. गायीचा चीक आपण आवडीने खाल्ला आणि लेकरांच्या हक्काचा फेकून दिला. ही विसंगती माझ्याही डोळ्यांसमोर होती, पण बरीच वर्षं दिसली नाही. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. बाळंतिणीच्या खोलीलाही इतिहास असतो, हे मला उशिरा कळलं.

आज त्या खोलीतल्या पहिल्या तीन-चार दिवसांविषयी बोलायचं आहे. कारण अंगावर पाजण्याचं सगळं यशापयश बहुधा तिथेच ठरतं.

आधी शरीर काय करतं ते पाहू. बाळ जन्मतं तेव्हा आईच्या अंगावर दूध नसतं असं नाही, चीक असतो. तो थोडा असतो, एका वेळेला चमचाभर म्हणावा इतकाच. पण नवजात बाळाचं पोटही पहिल्या दिवशी तेवढंच मागतं. या चिकात रोगांशी झगडणारे घटक भरपूर असतात, म्हणून त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. बाळंतपणात वार पडली, की आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बदलतो, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरभरून उतरतं. आपल्या भाषेत, पान्हा फुटतो. मधल्या काळात बाळ सारखं रडतं, दर दीड-दोन तासांनी छातीशी यायला बघतं, त्याचं वजनही थोडं उतरतं. बाळ वारंवार चोखतं, त्यामुळेच पुढचं दूध तयार होण्याचा हुकूम शरीराला मिळतो. म्हणजे ते रडणं ही तक्रार नसते, मागणी असते. पण घाबरलेल्या घराला त्या रडण्याचा एकच अर्थ कळतो: ‘हिला दूध नाही.’

हे तीन शब्द मी स्वतः ऐकले आहेत. १९७६ साली पेठेतल्या एका प्रसूतिगृहात मला मुलगी झाली. मूल वेगळ्या खोलीत ठेवलं जाई आणि दर चार तासांनी, घड्याळ बघून, दहा मिनिटांसाठी माझ्याकडे आणलं जाई. तोवर ते रडून रडून झोपलेलं असे. तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं, ‘बाई, तुम्हाला दूध नाही.’ बाटली आली. चौथ्या दिवशी माझी छाती दगडासारखी झाली, ताप भरला, गाठी आल्या. आणि तरीही मला दूध नाही, हे मी मान्यच करून टाकलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मी ते खरं मानलं. नातेवाइकांत सांगितलंही, जणू माझ्यात काही उणं होतं.

मग जुने ग्रंथ वाचताना मला एक गोष्ट सापडली. या तीन दिवसांचा वाद आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत सांगितलं आहे, की जातकर्माच्या वेळी बाळाला मध-तूप चाटवावं आणि त्यानंतर आईने आधी उजव्या बाजूला पाजावं. म्हणजे पहिल्याच दिवशी. सुश्रुतसंहिता मात्र म्हणते, की स्त्रीला दूध तिसऱ्या किंवा चौथ्या रात्रीनंतर येतं. तोवर बाळाला मध, तूप आणि औषधी वनस्पती यांचं चाटण द्यावं. सुश्रुताचं निरीक्षण चूक नव्हतं. पान्हा खरोखरच तेव्हा फुटतो. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष, की आधीचं काही कामाचं नाही. आपल्या घरांनी नेमका हा निष्कर्ष जपला आणि शेकडो वर्षं चालवला. आज आपल्याला माहीत आहे, की मधातून येणाऱ्या एका जिवाणूमुळे तान्ह्या बाळाला घातक आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये असं डॉक्टर बजावतात.

पण त्याच सुश्रुतसंहितेत आणखी एक गोष्ट आहे. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही आईला पान्हा येतो, आणि त्याचं कारण अखंड स्नेह, असं तिथे म्हटलं आहे. राग, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी दूध आटतं, असंही म्हटलं आहे. मग दूध वाढवण्यासाठी उपाय दिले आहेत. त्या यादीत गहू आहे, लसूण आहे, शतावरी आहे. पण या सगळ्याच्या आधी, पहिला उपाय म्हणून काय सांगितलं आहे? बाळंतिणीचं मन प्रसन्न करा.

आता पाहा, आपण यातलं काय लक्षात ठेवलं. शतावरी कल्पाचे डबे घरोघर आले. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, लसणीची चटणी, सगळं आपण निष्ठेने केलं. त्यात वाईट काही नाही; बाळंतिणीला सकस आहार हवाच. पण यादीतला पहिला उपाय तेवढा गळाला. ‘खा, म्हणजे दूध येईल’ असं तिला दिवसातून दहादा सांगितलं, आणि ‘अजून आलं नाही?’ हे वीसदा विचारलं. आधुनिक शरीरशास्त्र सांगतं, की दूध बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक भीतीने, वेदनेने, ताणाने अडतं आणि बाळाच्या स्पर्शाने, निवांतपणाने मोकळं होतं. सुश्रुताने याला स्नेह म्हटलं. प्रयोगशाळा नसताना कुणीतरी कितीतरी बाळंतिणी नीट पाहिल्या असल्या पाहिजेत.

दूध नसणं ही गोष्ट खोटीच असते असं मात्र मी म्हणत नाही. आई आजारी असते, बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं, क्वचित खरंच दूध पुरत नाही. तेव्हा समाज कसा वागतो, याला महत्त्व आहे. यासाठी पुण्याजवळचंच एक उदाहरण आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, अंगावरचं दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना बोलावण्यात आलं. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं, की हे गाव वाटेवरच आहे. धाराऊंनी राजपुत्राला आपलं दूध पाजलं. त्यांचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. सईबाई पुढे १६५९ साली राजगडावर वारल्या.

या कथेत मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट अशी: मुलाला दूध मिळावं म्हणून दुसरी आई आली, आणि तिचं नाव इतिहासाने आदराने जपलं. सईबाईंना कुणी उणं लेखलं नाही, आणि धाराऊ नुसती पगारी दाई उरली नाही. ‘दूधआई’, ‘दूधभाऊ’ या शब्दांत नातं आहे. आईला दूध नसेल तर त्यात तिचा अपराध नाही, तिला सोबत हवी, एवढं शहाणपण साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात होतं.

मात्र अशी सोबत प्रत्येकीच्या नशिबी नव्हती. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे दुःख घेऊन त्या पुढे अमेरिकेला गेल्या. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं मूल गमावलेली ही मुलगी बाळंतपणाच्या जुन्या शास्त्राकडे वळली, याचं मला नवल वाटत नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांना बाविसावंही पुरं झालं नव्हतं.

त्यांच्यानंतर पुण्यात काम उभं राहिलं. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं आणि तिथून परिचारिका शिकून बाहेर पडू लागल्या. १९१२ साली रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाची सुरुवात झाली तीही प्रसूतिगृह म्हणूनच. पुढे डॉ. बानू कोयाजींनी तिथे आयुष्य घालवलं. या संस्थांमुळे आणि त्यांच्यासारख्या इतर दवाखान्यांमुळे कितीतरी आया आणि बाळं वाचली. बाळंतपण अंधाऱ्या खोलीतून उजेडात आलं, विळ्याने नाळ कापणं गेलं, धनुर्वात कमी झाला. हे ऋण विसरता येणार नाही.

पण दवाखान्यांबरोबर विसाव्या शतकाची एक कल्पनाही आली: घड्याळाची. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी शतकाच्या सुरुवातीला शिस्तीचा प्रचार केला. मुलाला चार-चार तासांनी पाजा, रात्री पाजू नका, रडलं तरी उचलू नका. इंग्रजी वैद्यकाच्या जगात ही शिस्त दूरवर पसरली. स्वच्छतेसाठी बाळ वेगळ्या खोलीत ठेवणं, हेही जगभरच्या दवाखान्यांत रूढ झालं. हेतू चांगला होता. जंतूंची भीती खरी होती. पण चिकाच्या दिवसांत बाळाने वारंवार चोखायला हवं, आणि नेमक्या त्याच दिवसांत आई आणि बाळ यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. घरात मधाचं बोट होतं, दवाखान्यात साखरपाण्याची वाटी आली. रीत जुनी असो की नवी, तीन दिवसांची ती जागा कुणीतरी भरून काढतच राहिलं.

पाठोपाठ डबे आले. डब्यावर गुटगुटीत, गोऱ्या बाळाचं चित्र असे. मध्यमवर्गीय घरात डबा म्हणजे सुधारणा वाटू लागली. ज्यांना परवडत नसे त्या घरांत पावडर पातळ केली जाई, बाटली नीट उकळली जात नसे, आणि मग जुलाब. जगभर याच कारणाने मुलं दगावू लागली, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने डब्यांच्या जाहिरातींविरुद्ध आचारसंहिता मंजूर केली. भारतात १९९२ साली कायदा झाला. दुधाच्या भुकटीची जाहिरात, फुकट नमुने, डब्यावर बाळाचं चित्र, या सगळ्याला बंदी आली. त्याच सुमारास, डिसेंबर १९९१ मध्ये, स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारं देशातलं मोठं जाळं सुरू झालं, तेही आपल्या वर्ध्यात. ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो, त्याची सुरुवातही १९९२ची. याच्या आसपास अनेकदा श्रावण लागतो, घराघरांत जिवतीचा कागद भिंतीवर येतो आणि आया लेकरांना ओवाळतात. तारखांचा योगायोग आहे, पण मला तो आवडतो.

धाराऊंची परंपराही नव्या रूपात परतली. १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. ज्या आईला जास्तीचं दूध आहे ती ते देते, ते तपासून, निर्जंतुक करून, अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी आयांच्या बाळांना दिलं जातं. पुण्यात ससूनमध्येही अशी पेढी उभी राहिली. आज तिथे दूध देणाऱ्या आईला त्या बाळाचं नावही माहीत नसतं. तरी ती त्याची दूधआईच.

आणि ‘मन प्रसन्न करा’ या पहिल्या उपायाचं काय? त्याचं उत्तर मला पुण्यात नाही, गडचिरोलीत सापडलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत नव्वदच्या दशकात एक साधा वाटणारा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळ जन्मलं, की आरोग्यदूत घरी जाणार, बाळाचं वजन करणार, ऊब पाहणार, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणार आणि आईशेजारी बसून तिला पाजायला मदत करणार. पुन्हा काही दिवसांनी येणार, आणि पुन्हा. १९९९ साली या कामाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११पासून याच धर्तीवर देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी जातात. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाकडे त्यांची पहिली फेरी ठरलेली आहे तिसऱ्या दिवसाची. म्हणजे आई सर्वांत जास्त घाबरलेली असते, त्याच दिवसाची.

पूर्वी आपल्याकडे सुईण दहा दिवस येत असे. अंग चोळी, बाळाला न्हाऊ घाली, धुरी देई, गप्पा मारी. तिच्या काही समजुती चुकीच्या होत्या, पण तिचं येणं बरोबर होतं. दवाखाने आले आणि चुकीच्या समजुतींबरोबर ते येणंही गेलं. फ्लॅटमध्ये नवरा-बायको आणि तीन दिवसांचं बाळ, दार बंद. बाळ का रडतंय हे विचारायला कुणी नाही.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. २००५ साली माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली. दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्याच रात्री, तीनच्या सुमारास, ती रडत म्हणाली, ‘आई, माझ्या अंगावर दूधच नाही गं.’ मी उठले. स्वयंपाकघरात गेले, पाणी तापत ठेवलं. फडताळात पावडरचा डबा होता. ‘असू दे घरात’ म्हणून मीच आणून ठेवलेला. डबा हातात घेतला आणि थांबले. एकोणतीस वर्षांपूर्वीचा माझा तिसरा दिवस आठवला.

आमच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहायच्या. भीड सोडून मी त्यांचं दार वाजवलं. त्या आल्या. त्यांनी औषध दिलं नाही की उपदेश केला नाही. लेकीच्या पाठीशी उशी दिली. बाळाचे कपडे काढून त्याला तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून दुपटं घातलं. ‘तोंड पूर्ण उघडू दे. नुसतं टोक नको, काळा भागही तोंडात जाऊ दे, म्हणजे चिरा पडणार नाहीत,’ म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. बाळाने चारदा सोडलं, पाचव्यांदा धरलं. ‘हे बघ, गिळतोय. तुला दूध नाही कोण म्हणतं?’ लेक हसली. पहाटेचं साडेचार वाजलं होतं. तापवलेल्या पाण्याचा मी चहा केला.

पान्हा फुटला तो पुढच्या संध्याकाळी.

त्या बाईंनी जाताना दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी तुम्हालाही सांगते. दूध दिसत नाही, म्हणून मोजता येत नाही. पण लंगोट मोजता येतात. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परतलं, तर दूध पुरतंय. आणि बाळ सुस्त पडलं, प्यायलाच उठेना, लघवी कमी झाली, कावीळ वाढली किंवा आईला ताप आला, तर वाट बघायची नाही, डॉक्टरकडे जायचं. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं, तर तेही बिनदिक्कत द्यायचं. ती हार नव्हे.

आजही काम संपलेलं नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं ४२ टक्क्यांच्या आतच होती. बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, तरीही! पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं मात्र ६४ टक्क्यांच्या जवळ पोचली. म्हणजे आया पाजतात; पहिल्या तासात, पहिल्या तीन दिवसांतच आपण त्यांच्या आड येतो.

रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे धावलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळेच सांगतो. बसस्थानकांवर, कचेऱ्यांत स्तनपानासाठी हिरकणी कक्ष झाले, चांगलं झालं. पण कक्षाला खोली पुरते. बाळंतिणीला माणूस लागतं. हिरकणीला कडा एकटीने उतरावा लागला, कारण दरवाजे बंद होते. आपल्या घरातल्या हिरकणीसाठी दरवाजा उघडणं आपल्या हातात आहे.

तुमच्या घरी, शेजारी, कुणी बाळंत होऊन आली असेल, तर लाडू जरूर न्या. ‘दूध येतंय ना?’ हे मात्र विचारू नका. बाळाचे लंगोट धुऊन टाका, तिला चार घास गरम वाढा, आणि जमलं तर रात्री तासभर तिच्याजवळ बसा. तिचा तिसरा दिवस असेल, तर चौथा येतो, एवढंच तिला सांगा. मला १९७६ साली ते कुणी सांगितलं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)